तिकाटण्याजवळची माणसं

झाडावर घारी बसल्या होत्या. तेवढ्यावरून अनुपरायनं ओळखलं, की खाली काहीतरी मरून पडलंय.

१६१०-११ चा हिवाळा. आजच्या धोलपूरजवळच्या बारी परगण्यात बादशहा जहांगीर शिकारीला उतरला होता. दिवस कलला होता. अनुपराय हा बादशहाच्या खास चाकरांपैकी एक. मागं राहिलेली माणसं गोळा करून तो येत होता, तेव्हा त्याला त्या घारी दिसल्या. जवळ जाऊन पाहतो तो अर्धवट खाल्लेलं गुरू, आणि झुडपातून उठून सावकाश चालता झालेला भलाथोरला शेर. धन्याला या शिकारीचा किती सोस आहे ते अनुपरायला पक्कं माहीत. त्यानं हाताशी असलेल्या माणसांचा वेढा घातला आणि निरोप धाडला. निरोप मिळताच जहांगीर घोडा फेकत आला. बरोबर शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचा. शिवाय रामदास, एतमादराय, हयातखान आणि आणखी एकदोघं.

शेर म्हणजे वाघ की सिंह, हा प्रश्न मोगल कागदपत्रं वाचताना पदोपदी अडवतो. फारसी लेखक हा शब्द दोघांनाही लावतात आणि त्या काळी उत्तरेच्या रानांत दोघंही होते. इंग्रजी भाषांतरकारांनी इथं वाघ केला. पंचवीसएक वर्षांनी दरबारी चितारी बालचंदनं हाच प्रसंग रंगवला तेव्हा त्यानं आयाळवाला सिंह काढला. मी आपला शेरच म्हणतो.

शेर एका झाडाच्या सावलीत बसला होता. जहांगीरला घोड्यावरूनच बार टाकायचा होता, पण घोडा काही केल्या स्थिर उभा राहीना. मग तो खाली उतरला, नेम धरला, बार काढला. तो उंचावर, शेर खाली. गोळी लागली की नाही ते कळलं नाही. गडबडीत दुसरा बार काढला. शेर उठला आणि धावून आला. मनगटावर बहिरी ससाणा घेऊन उभ्या असलेल्या मीर-शिकाराला त्यानं जखमी केलं आणि परत आपल्या जागी जाऊन बसला. तेव्हा जहांगीरनं दुसरी बंदूक तिकाटण्यावर ठेवली. तिकाटणं धरून अनुपराय उभा. त्याच्या कमरेला तलवार, हातात एक दांडकं. डावीकडे थोड्या अंतरावर खुर्रम. त्याच्या मागं रामदास आणि बाकीचे. कमाल नावाच्या करावलानं, म्हणजे सावज हेरणाऱ्या शिकाऱ्यानं, बंदूक ठासून धन्याच्या हातात दिली होती.

हे सगळं खुद्द जहांगीरनंच आपल्या आत्मचरित्रात, ‘तुझुक-इ-जहांगीरी’त, लिहून ठेवलंय, कोण कुठं उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं, इतक्या बारकाईनं. पण एका बारासाठी एवढी माणसं, ती काठ्यांची तिकोनी घोडी, दुसऱ्यानं ठासून दिलेली बंदूक, हा सगळा पसारा कशासाठी? ते कळायला ती बंदूक जवळून पाहायला हवी.

संग्रहालयात काचेमागं ठेवलेली तोड्याची बंदूक पाहिली की आधी नजरेत भरते ती तिची लांबी. माणसाच्या छातीपर्यंत सहज येते, कधी डोक्याच्याही वर जाते. नळी जड, दस्ता मात्र सडपातळ आणि सरळ, आजच्या बंदुकीसारखा खांद्यात रुतून बसणारा नव्हे. नळी आणि लाकूड एकमेकांना तारेनं नाहीतर चामड्याच्या वादीनं आवळलेली. नळीच्या मागच्या अंगाला, उजव्या बाजूला, एक चिमुकली वाटी आणि वाटीतून नळीत जाणारं सुईच्या जाडीचं भोक: तो काना. वाटीत घालायची बारीक दारू म्हणजे रंजक. आणि या सगळ्याचा प्राण म्हणजे तोडा किंवा जामगी, सुताची दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. ती भडकत नाही, विझतही नाही. उदबत्तीसारखी टोकाशी धुमसत राहते.

भरायची रीत अशी. शिंगातून मापानं दारू नळीत ओतायची, वर शिशाची गोळी, मग गजानं ठासायचं. वाटीत रंजक घालायची, वाटीचं झाकण लावायचं. तोड्याचं टोक फुंकून लाल करायचं आणि घोड्याच्या चिमट्यात अडकवायचं. झाकण सरकवायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा. चापाबरोबर घोडा मान खाली घालतो, तोडा वाटीत टेकतो, रंजक भडकते, काना पेट घेतो आणि मग आतला बार उडतो. या ‘मग’मध्ये सगळी गोम आहे. वाटीतल्या भडक्यात आणि नळीतल्या धडाक्यात डोळ्याची पापणी लवावी इतकं अंतर असतं आणि तेवढ्यात हात हलला की नेम चुकला. काना चोंदलेला असला तर वाटीतली रंजक नुसतीच भुस्सकन जळते आणि बंदूक मुकी राहते. आपण पोकळ धमकीला फुसका बार म्हणतो. समोर शेर असताना फुसका बार म्हणजे काय, याची कल्पना ज्यानं त्यानं करावी. दव पडलं, सर आली, की रंजक भिजली. वारा उलटा असला की जळत्या तोड्याचा वास सावजाला आधीच लागला.

आणि बार नीट उडाला तरी पुढं धूर. पांढराशुभ्र, दाट, समोरचं सगळं झाकून टाकणारा. त्या धुरामागं जनावर पडलंय की येतंय ते कळेपर्यंत तुमच्या हातात लोखंडाची एक लांबलचक काठी असते, दुसरं काही नाही. पुन्हा ठासायला किती वेळ लागतो ते वर सांगितलंच. म्हणून बादशहाच्या मागं भरलेल्या बंदुका घेऊन माणसं उभी राहायची. म्हणून तिकाटणं. आणि म्हणून तिकाटणं धरणाऱ्याच्या कमरेला तलवार.

या हत्याराचं वेड जहांगीरला बापाकडून आलं. अकबराच्या कारखान्यात बंदुकीवर जितकी डोकी चालली तितकी क्वचितच आणखी कशावर चालली असतील. अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त त्याचं वर्णन केलंय. आधी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा नुसत्या जोडत. अशी नळी जास्त दारू भरली की फुटायची, आणि जवळ उभ्या असलेल्यांच्या चिंध्या करायची. नव्या रीतीत पत्रा तिरपा पिळत नेऊन एका वेढ्याची कड दुसऱ्यावर चढवायची आणि हळूहळू तापवत ती सांधायची. अशी नळी तोंडापर्यंत दारूनं भरली तरी फुटत नसे, असं अबुल फजल म्हणतो. तो धन्याचं कौतुक करताना हात आखडता घेत नाही हे खरं, पण पिळाच्या नळीची मजबुती हा कौतुकाचा भाग नाही, ती खरीच. उस्ताद कबीर आणि हुसेन ही त्या कारखान्यातल्या कारागिरांची नावं त्यानं नोंदवली आहेत. नळ्या साफ करायला एक चाक होतं. त्याला जनावर जुंपायचं आणि एका वेळी सोळा नळ्या आतून घासून निघायच्या.

अकबराच्या खास बंदुकांना नावं होती, मान होता, वर्षाच्या महिन्यांप्रमाणं त्यांच्या पाळ्या लागत. पहिल्या मानाची ‘संग्राम’. ती फरवर्दीन या वर्षाच्या पहिल्या महिन्यात वापरायची. हीच ती बंदूक, जिनं फेब्रुवारी १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडाचा जीव घेतला. रात्री तटाला पडलेलं खिंडार बुजवण्याचं काम चाललं होतं, मशालींच्या उजेडात हजार खिळ्यांचं चिलखत घातलेला कुणी वावरत होता, अकबरानं बार काढला. माणूस पडला की नाही ते कुणाला कळलं नाही. पण अकबर जवळ उभ्या असलेल्या राजा भगवंतदासाला म्हणाला, की गोळी सावजाला लागते तेव्हा हाताला जसं हलकं वाटतं, तसं आत्ता वाटलं. अबुल फजलनं हे मोठ्या अभिमानानं लिहिलंय. मला मात्र ते वाचताना हात थांबवावासा वाटतो. रानात मुरलेल्या सवयीला चितोडच्या तटावर सावज आणि माणूस यांत फरक करता आला नाही, हेच ते वाक्य सांगतं.

संग्रामनं मारलेल्या सावजांचा हिशेब कारकुनांनी ठेवला होता. ‘आईन’मधला आकडा १,०१९. जहांगीर बापाची आठवण सांगताना लिहितो, की याच बंदुकीनं त्यांनी तीनचार हजार पशुपक्षी मारले. शिकाऱ्याचा आकडा मुलाच्या तोंडी गेला की तिप्पट होतो, ही रीत फार जुनी दिसते. त्याच ओघात तो स्वतःचंही सांगतो: बंदुकीच्या शिकारीत मी त्यांचा खरा शागीर्द, एका दिवसात मी अठरा हरणं पाडलीत.

आता परत बारीच्या त्या झाडाकडे.

जहांगीर चाप ओढणार इतक्यात शेर गर्जना करून धावला. बार उडाला. गोळी शेराच्या तोंडातून, दातांमधून गेली. पण त्या आवाजानं तो आणखी चवताळला. पुढचं जहांगीरनं ज्या शब्दांत लिहिलंय, तसं लिहिणारा दुसरा बादशहा मला ठाऊक नाही. भोवती गर्दी करून उभ्या असलेल्या चाकरांना त्या धडकेपुढं उभं राहवेना, ते एकमेकांवर कोसळले. त्या रेट्यानं बादशहा दोन पावलं मागं फेकला गेला आणि पडला. आणि तो म्हणतो, माझी खात्री आहे, की दोघंतिघं माझ्या छातीवर पाय देऊन पळाले. पृथ्वीचा जो स्वामी, त्याच्या छातीवर त्याच्याच चाकरांचे पाय. एतमादराय आणि कमाल यांनी हात देऊन त्याला उठवलं.

पळाला नाही तो अनुपराय. शेर डावीकडच्या लोकांवर वळला तेव्हा त्यानं तिकाटणं टाकलं आणि शेराच्या आडवा गेला. दांडक्याचे दोन तडाखे हाणले. शेरानं त्याचे दोन्ही हात जबड्यात धरले. दांडकं आणि हातातली कडी मध्ये आली म्हणून हात तुटले नाहीत. तो शेराच्या पुढच्या पायांमध्ये पडला. खुर्रमनं तलवार चालवली, रामदासानंही वार केला, हयातखान काठीनं बडवत राहिला. अनुपरायनं जोर करून हात सोडवले, कुशीवर लोळत बाजूला झाला, उठला, तलवार उपसली आणि शेराच्या डोक्यावर असा घाव घातला की भुवयांची कातडी सुटून डोळ्यांवर लोंबली.

आणि इथं एक माणूस प्रवेश करतो, त्याचं काम दिव्याचं. सालेह नावाचा चिरागची. सांज झाली होती, दिवे लावायची वेळ; गडबडीत तो पुढं आला तो नेमका आंधळ्या झालेल्या शेराच्या समोर. शेरानं एक पंजा मारला. सालेह पडला आणि मेला. दोन ओळींत संपतो तो. मग बाकीच्यांनी शेराला संपवलं.

अनुपरायला ‘अनीराय सिंहदलन’ असा किताब मिळाला, तलवार मिळाली, मनसब वाढली. पुढं त्यानं दरबारात बरीच उंच जागा गाठली. हातावरचे दात त्याच्या फार कामी आले असं म्हणायला हरकत नाही. धन्याचा जीव वाचवणाऱ्याला मानपान देण्याची ही रीत नंतर आपल्याकडेही दिसते, मात्र तिथं मानकरी वेगळा आहे. साताऱ्याचे शाहू महाराज १६८९ पासून १७०७ पर्यंत औरंगजेबाच्या छावणीत वाढले. शिकारीचा नाद त्यांनाही जबर होता. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्यानं त्यांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला जहागीर दिली, अशी कथा साताऱ्याकडे घरोघर ऐकायला मिळते. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात.

सालेहच्या घरच्यांना काय मिळालं ते ‘तुझुक’ सांगत नाही. पण त्याच सुमाराची दुसरी एक हकीगत ते सांगतं आणि तीही तितक्याच निर्विकारपणे. जहांगीर एका नीलगाईच्या मागावर होता. नीलगाय हे त्याचं आवडतं सावज. दिवसभर पायी पिच्छा पुरवायची त्याची तयारी असे. अखेर ती बंदुकीच्या टप्प्यात आली. तोडा जळतोय, नेम लागलाय, आणि तेवढ्यात कुठूनसा एक मोतद्दार आणि दोन भोई समोर आले. नीलगाय उधळली. जहांगीर लिहितो, की मला अतिशय संताप आला. मी हुकूम केला, मोतद्दाराला जागच्या जागी मारून टाका, भोयांच्या पायांच्या शिरा तोडा आणि त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरवा, म्हणजे पुन्हा कुणाची अशी हिंमत होणार नाही. त्यानंतर तो घोड्यावर बसला आणि ससाण्यांची शिकार खेळत पुढं गेला.

हे लपवायची त्याला गरज वाटली नाही. आपलं चुकलं असंही नाही. याच माणसानं पक्ष्यांची पिसं मोजवली, सारस पक्ष्यांच्या जोडप्यानं अंडी कशी उबवली ते दिवसेंदिवस पाहून लिहिलं, मनसराज नावाच्या लाडक्या हरणाला मरणोत्तर कबर आणि शिलालेख दिला आणि त्या टापूत हरणांच्या शिकारीला बंदी घातली. लाहोरजवळच्या शेखुपुऱ्याचा हिरन मिनार तो हाच. त्याच्या मायेला सीमा नव्हती आणि क्रौर्यालाही नव्हती; दोन्ही एकाच वहीत, एकाच हस्ताक्षरात.

त्याच वहीत आकड्यांचं एक पान आहे. राज्यारोहणानंतरचं अकरावं वर्ष सरत असताना, म्हणजे १६१७ च्या आरंभी, त्यानं हिशेबनीसांना फर्मावलं: माझ्या बाराव्या वर्षापासून आजपर्यंत किती शिकार झाली ते काढा. तेव्हा चांद्र वर्षांनी तो पन्नाशीचा होता. हिशेब आला. त्याच्या डोळ्यांदेखत २८,५३२ जनावरं पडली, त्यांपैकी १७,१६७ त्यानं स्वतः बंदुकीनं किंवा इतर हत्यारानं मारली. चतुष्पाद ३,२०३. त्यांत शेर ८६, नीलगाई ८८९, रानडुकरं ९०, लांडगे ६४, रानरेडे ३६, ससे २३.  बाकी १३,९६४: पाण्यातल्या मगरी १०, उरलेले सगळे पक्षी. त्यांतली कबुतरंच दहा हजारांवर. आणि कावळे ३,२७६.

शेरांपाशी लोक थांबतात. मी दर वेळी कावळ्यांपाशी अडतो. हिंदुस्थानचा बादशहा, मागं ठासलेल्या बंदुका घेऊन उभी असलेली माणसं, आणि समोर कावळा. तो पडल्यावर लेखणी टेकवून एक आकडा वाढवणारा कारकून. असं तीन हजार दोनशे शहात्तर वेळा. कुठल्या फांद्यांवरचे, कुठल्या मुक्कामांतले असतील ते कावळे! मुक्काम उठायला उशीर होतोय, पालखी तयार नाही, पाऊस थांबत नाही, काही करायला नाही. तेव्हा मारलेले असावेत असं आपलं मला वाटतं. माणसांच्या हिशेबाला मात्र त्या यादीत रकाना नाही.

हा हिशेब मांडला गेला त्या सुमारास जहांगीर माळव्यात मांडूकडे चालला होता. कारण दख्खन. अहमदनगरच्या निजामशाहीचा मलिक अंबर काही केल्या आवरत नव्हता; त्याच्यावर खुर्रमला पाठवून बादशहा स्वतः मांडूच्या डोंगरावर येऊन राहिला. मलिक अंबर हाती लागला नाही म्हणून की काय, जहांगीरनं चित्रात त्याचा सूड उगवला: भाल्याच्या टोकाला खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर तो पृथ्वीगोलावर उभा राहून बाण सोडतोय. चित्रकार अबुल हसन. खरा अंबर १६२६ पर्यंत जगला आणि अंथरुणात मेला.

मांडूच्या त्याच मुक्कामात, १६१७ साली, शिकाऱ्यांनी चार वाघ हेरले. जहांगीर जनान्यासह निघाला. वाघ दिसताच बेगम नूरजहाननं परवानगी मागितली, की हुकूम असेल तर मी मारते. ती हत्तीवर, बंद अंबारीत. तिनं सहा बार काढले. पहिले दोन वाघ एकेका गोळीत, उरलेले दोन दोन-दोन गोळ्यांत. एकही बार वाया गेला नाही. वाघांना झेप घ्यायला सवडच मिळाली नाही. जहांगीरनं तिला लाख रुपयांची कंकणं दिली आणि तिच्यावरून हजार अशर्फ्या उधळल्या.

हे किती अवघड, ते त्यानं आणखी दोन वर्षांनी, मथुरेजवळच्या प्रसंगात सांगितलंय. वाघाचा वास आला की हत्ती क्षणभर स्वस्थ राहत नाही, सारखा झुलतो. अंबारीतून नेम धरणं महाकठीण. मिर्झा रुस्तम, माझ्याखालोखाल ज्याचा नेम, त्याचेसुद्धा हत्तीवरून तीनतीन चारचार बार वाया गेलेत. नूरजहाननं मात्र पहिल्याच गोळीत वाघ आडवा केला. माझ्याखालोखाल, हे तो विसरत नाही, ही गंमत आहेच. पण तोड्याच्या बंदुकीत चाप आणि धडाका यांतलं ते पापणीभर अंतर आठवलं, खालचा हत्ती हलतोय हे ध्यानात घेतलं, की तिच्या हाताचं मोल लाख रुपयांहून जास्त वाटायला लागतं. अर्थात तिलाही सहा बारांसाठी भरलेल्या बंदुका कुणीतरी पुरवत असणार. त्या अंबारीत तिच्या पाठीशी कोण बसलं होतं, त्याचं नाव कुठं नाही.

मथुरेला त्यानं स्वतः बंदूक का उचलली नाही? नवस. पन्नाशी झाली की बंदूक ठेवायची, आपल्या हातानं जीव मारायचा नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. खुर्रमचा मुलगा शुजा हा त्याचा लाडका नातू आजारी पडून आचके देऊ लागला, तेव्हा त्यानं हा नवस पक्का केला. पोर वाचलं. गावकरी वाघाची तक्रार घेऊन आले तरी मग बंदूक बायकोच्या हाती द्यावी लागली.

हा नवस पाचएक वर्षं टिकला. मग खुर्रम, आता शहाजहान, बापाविरुद्ध उठला आणि जहांगीरनं बंदूक पुन्हा हातात घेतली. ज्याच्या मुलासाठी सोडली, त्याच्यावरच्या रागानं धरली. नुसती धरली नाही; महालात कुणी बंदुकीशिवाय राहायचं नाही असा हुकूमही काढला. कावळ्यांचा आकडा त्यानंतर कुणी मोजला नाही.

बारीच्या प्रसंगाचं बालचंदनं काढलेलं चित्र शहाजहानच्या ‘पादशाहनामा’साठीचं. ते आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. अनुपराय सिंहाखाली पडलाय आणि तरणाबांड खुर्रम तलवार उगारून धावलाय. नजर खिळते ती खुर्रमवर. बापाच्या वहीतला खुर्रम इतरांबरोबर एक वार करतो. मुलाच्या ग्रंथात तो प्रसंगाचा नायक झाला. आणि बापाच्या छातीवरचे ते पाय चित्रात असायचं कारणच नव्हतं.

पुढं औरंगजेबाच्या काळात ही शिकार बरीच आटोपशीर झाली. फ्रेंच वैद्य बर्निए लिहितो, की सिंह हेरला की त्या जागी एक गाढव बांधायचं. ते खाऊन सिंह तिथंच रेंगाळू लागला की शेवटच्या गाढवाच्या घशात अफू कोंबायची. ते खाल्लेला सिंह सुस्तावला की भोवती जाळी उभारत आणायची. मग बादशहा चिलखत चढवलेल्या हत्तीवरून यायचा आणि बार टाकायचा. सिंह पडला तर राज्याला शुभ, निसटला तर मोठं अशुभ. इतकं शुभाशुभ गळ्यात असताना कुणाच्या धाडसावर विसंबून चालेल? अफूचं गाढव बरं.

जहांगीरची शेवटची शिकार १६२७ ची. दमा बळावला होता, अन्न जात नव्हतं, चाळीस वर्षांची अफूसुद्धा नकोशी झाली होती. द्राक्षाच्या दारूचे थोडे प्याले तेवढे उतरत. ‘तुझुक’ त्यानं केव्हाच थांबवलं होतं, तेव्हा हे आपल्याला सांगतो तो त्याचा बक्षी मुतमदखान. काश्मीरहून उतरताना मुक्काम बैरमगल्ल्याला पडला. ती जुनी शिकारगाह. उंच कडा, त्याच्या पायथ्याशी बसायला बांधलेली जागा. गावचे लोक हाकारा घालून हरणं कड्याच्या टोकाशी आणायचे, बादशहा खाली भिंतीवर बंदूक टेकवून बार काढायचा आणि लागलेलं हरीण वरून गडगडत खाली यायचं. तिकाटण्याची गरज नव्हती. कुणी तिकाटणं धरून उभं राहण्याचीही नव्हती.

वर एक हरीण कड्याच्या कंगोऱ्यावर येऊन थांबलं. खालून नीट दिसेना. तिथल्याच मुलखातला एक प्यादा त्याला पुढं हाकलायला म्हणून सरकला. पाय घसरला. त्यानं हाताला लागलेलं झुडूप पकडलं, ते मुळासकट उपटून आलं. हरणं जशी खाली येत तसा तो आला. हाडांचा चुरा झाला होता.

सतरा वर्षांपूर्वी मोतद्दाराला मारून ससाणे उडवत पुढं गेलेला बादशहा या वेळी बंदूक ठेवून तंबूत परतला. त्यानं त्या प्याद्याच्या आईला बोलावून घेतलं, तिला पैसे दिले, समजूत घातली. तिचं समाधान झालं का, ते मुतमदखान लिहीत नाही. बादशहाचं झालं नाही, ते लिहितो. जणू त्या प्याद्याच्या रूपानं मृत्यूचा दूतच त्याच्या नजरेला पडला, असं तो म्हणतो. त्या घटकेपासून जिवाला स्वस्थता नव्हती.

तळ बैरमगल्ल्याहून ठाण्याला हलला, तिथून राजौरीला, आणि राजौरीहून नेहमीप्रमाणं दिवस कलताना पुढं. वाटेत त्यानं प्याला मागितला. ओठांना लावला. घोट घशाखाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑक्टोबर १६२७ च्या अखेरीस, तो गेला.